पीसीबी ऑर्डर करण्याआधी गर्बर आणि ड्रिल फाइल्सची तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडायचा छापील सर्किट बोर्ड, बनवणारा कारखाना तुमचं स्किमॅटिक (सर्किटची आकृती) बघत नाही. त्याच्या हाती येते ती फक्त झिप फाइल (प्रत्येक थराच्या आकृतीच्या गर्बर फाइल्स आणि भोकांची ड्रिल फाइल), आणि तिच्यात जे काढलंय ते तो इमानेइतबारे तांब्यात उतरवतो, चुकीसकट. खालची उत्तरं दोन आणि चार थरांच्या नेहमीच्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या) बोर्डांना धरून आहेत. दिलेली मापं सर्वसाधारण आहेत. ज्याला ऑर्डर द्यायची त्या कारखान्याच्या क्षमतांचा तक्ता वेगळं सांगत असेल, तर तक्ता खरा मानावा.

डीआरसीमध्ये एकही चूक निघाली नाही. मग गर्बर पुन्हा कशाला बघायच्या?

डीआरसी (डिझाइनचे नियम पाळलेत का याची सॉफ्टवेअरमधली तपासणी) तपासतं ते सॉफ्टवेअरच्या आतलं डिझाइन. कारखान्याला जाते ती त्यातून काढलेली फाइल, आणि या दोहोंच्या मधे एक्स्पोर्टची पायरी असते. एखाद्या थरावर टिक करायची राहते, ड्रिल फाइल वेगळ्या एककात निघते, ट्रॅक (तांब्याची वाट) हलवल्यावर कॉपर पोअर (मोकळ्या जागेत भरलेलं सलग तांबं) पुन्हा भरायचा राहून जातो. यातलं बरंचसं डीआरसीच्या अहवालात दिसत नाही.

दुसरं कारण असं की डीआरसी तुम्हीच दिलेल्या नियमांवर चालतं. नियमात ट्रॅकमधलं अंतर ०.१ मिमी चालेल असं लिहिलं असेल आणि कारखान्याची मर्यादा ०.१५ मिमी असेल, तर अहवाल कोराच येणार. आणि कनेक्टरचा फुटप्रिंट (भागाचे पाय जोडायच्या तांब्याच्या पॅडची मांडणी) आरशातल्यासारखा उलटा काढला असेल, तर ते ओळखायची सोय कुठल्याच डीआरसीत नाही.

झिपमध्ये नेमक्या किती फाइल्स असाव्यात?

दोन थरांच्या बोर्डासाठी आठ किंवा नऊ. तांब्याच्या दोन, सोल्डर मास्कच्या (तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर) दोन, सिल्कस्क्रीनच्या (बोर्डावर छापलेली अक्षरं-खुणा) दोन, बोर्डाच्या बाह्यरेषेची एक आणि ड्रिलची एक. प्लेटिंग (आतून तांब्याचा मुलामा) असलेली आणि नसलेली भोकं वेगळी काढली तर ड्रिलच्या दोन होतात. खाली काहीच छापायचं नसेल तर खालची सिल्कस्क्रीन वगळता येते. चार थरांच्या बोर्डात आतल्या तांब्याच्या दोन वाढतात. सोल्डर पेस्टच्या फाइल्स स्टेन्सिल (पेस्ट लावायचा छिद्रांचा पत्रा) किंवा असेंब्ली (भाग बसवून घेणं) हवी असेल तरच लागतात.

प्रोटेल पद्धतीची एक्स्टेन्शन्स बहुतेक कारखाने आपोआप ओळखतात : वरचं तांबं जीटीएल, खालचं जीबीएल, मास्क जीटीएस आणि जीबीएस, सिल्कस्क्रीन जीटीओ आणि जीबीओ, बाह्यरेषा जीकेओ किंवा जीएम१. सगळ्या फाइल्सना एकच जीबीआर एक्स्टेन्शन असलं तरी हरकत नाही, पण मग नावातून थर स्पष्ट कळला पाहिजे.

कोर्टयार्ड (भागाभोवती राखलेल्या जागेची रेघ), असेंब्ली ड्रॉइंग, टिपांचे थर यात घालू नका. जादा फाइल दिसली की कारखान्यातल्या माणसाला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकतात. एक्स्पोर्ट करण्याआधी फोल्डर रिकामं करा. जुन्या आवृत्तीची ड्रिल फाइल नव्या तांब्याबरोबर जाणं ही फारच नेहमीची गफलत आहे, आणि निस्तरायला सगळ्यात महाग.

कुठल्या व्ह्यूअरमध्ये बघाव्यात?

ज्या सॉफ्टवेअरने फाइल बनवली त्याच्याबाहेरच्या. जीईआरबीव्ही मोफत आहे. कायकॅडबरोबर येणारा गर्बव्ह्यूही चांगला, मात्र बोर्ड कायकॅडमध्येच केला असेल तर आणखी एक व्ह्यूअर वापरा. बनवणारा आणि वाचणारा एकाच घरातले असले, तर एकाचा गैरसमज दुसऱ्यालाही पटतो.

कारखान्याच्या संकेतस्थळावर अपलोड केल्यावर दिसणारं चित्रही बघावं, कारण त्यांच्या बाजूने फाइल कशी वाचली जातेय याची पहिली खूण तीच. पण ते निव्वळ चित्र असतं. हिरवागार सुबक बोर्ड दिसला म्हणजे सगळं जमलं असं नाही.

कुठल्या क्रमाने तपासायचं?

सगळे थर एकदम चालू करून बघितलं तर रंगीत गोधडी दिसते, चूक दिसत नाही. दोन-दोन थर घ्या.

आधी एकटी बाह्यरेषा. व्ह्यूअरच्या पट्टीने लांबी-रुंदी मोजा. १०० मिमीचा बोर्ड २५४० मिमी किंवा ३.९४ मिमी दिसत असेल, तर एककाचा घोळ इथेच सापडला.

मग तिच्यावर ड्रिल. माउंटिंगची भोकं कडेपासून ठरवलेल्या अंतरावर आहेत का, आणि एकही भोक बोर्डाबाहेर नाही ना?

आता बाह्यरेषा बंद करून ड्रिलखाली वरचं तांबं ठेवा. प्रत्येक भोक पॅडच्या मध्यावर बसलं पाहिजे. चारही कोपऱ्यांतली भोकं मोठं करून बघा; एकाच कोपऱ्यातलं बरोबर असणं पुरेसं नाही. मग ड्रिल काढून तांबं एकटं बघा. कॉपर पोअर भरलेला आहे का? ग्राउंडची बरीच जोडणी पोअरमधूनच होत असते. तो भरला नसेल तर बोर्ड दिसायला नीट आणि ग्राउंडवाचून. कुठेच न जोडलेली तांब्याची बेटं, दोन पॅडच्या फटीत घुसलेली बारीक जीभ, तांब्यावर लिहिलेल्या मजकुराने जोडले गेलेले दोन ट्रॅक, हेही याच वेळी बघून घ्यायचं. पोअरमधल्या थ्रू-होल पॅडना थर्मल रिलीफच्या चार तारा आहेत का तेही बघा. नसतील तर सोल्डरिंगच्या वेळी सगळी उष्णता पोअर ओढून घेतो आणि सांधा थंड राहतो.

त्यानंतर तांबं आणि मास्क, मग मास्क आणि सिल्कस्क्रीन. हेच सगळं खालच्या बाजूला. शेवटी तांबं आणि बाह्यरेषा एकत्र, कडेचं अंतर मोजायला.

ड्रिलची भोकं पॅडवर न बसता भलतीकडेच दिसतात. काय झालं?

एक्सेलॉन (ड्रिल फाइलचा नेहमीचा प्रकार) फाइलमध्ये आकड्यांत दशांशचिन्ह नसेल तर घोळाला वाव राहतो. समजा एककं मिलिमीटरची आहेत, दशांशाआधी तीन आणि नंतर तीन अंक आहेत आणि फाइलमध्ये ‘०१२५’ लिहिलंय. शेवटची शून्यं गाळली असं मानलं तर हे १२.५ मिमी होतं. सुरुवातीची शून्यं गाळली असं मानलं तर ०.१२५ मिमी. शंभरपट फरक, आणि नुसत्या आकड्याकडे बघून कुठलं खरं ते खात्रीने सांगता येत नाही.

चूक कुठली ते भोकांच्या पसरणीवरून ओळखता येतं.

सगळी भोकं सारख्याच प्रमाणात फाकली किंवा आखडली असतील तर पट मोजा. २५.४ आला की इंच-मिलिमीटरची गल्लत, १० किंवा १०० आला की दशांशानंतरच्या अंकांची. आकृती बरोबर पण अख्खी एका बाजूला सरकलेली असेल, तर गर्बर आणि ड्रिल वेगवेगळ्या आरंभबिंदूंवरून एक्स्पोर्ट झाल्यात. आणि भोकं काहीच आकृती न राखता विखुरली असतील, तर शून्यं गाळण्याची पद्धत चुकली आहे.

व्ह्यूअरमध्ये सेटिंग बदलून भोकं जागेवर आणली म्हणजे काम झालं असं समजू नका, तुमचं सेटिंग कारखान्याला दिसत नाही. पुन्हा एक्स्पोर्ट करा : मिलिमीटर, दशांशचिन्हासह, आणि आरंभबिंदू गर्बरचा तोच.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून काही कळतं का?

कळतं. गर्बर आणि एक्सेलॉन दोन्ही साधा मजकूर आहेत. गर्बरच्या सुरुवातीला ‘एमओ’ या अक्षरांपुढे ‘एमएम’ आहे की ‘आयएन’, यावरून एकक कळतं. त्याखाली ‘एडीडी’ने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे आकृती काढायच्या आकारांच्या, अर्थात अ‍ॅपर्चरच्या व्याख्या. त्या अजिबात नसतील तर फाइल जुन्या आरएस-२७४डी प्रकारची असू शकते, जिला अ‍ॅपर्चरची यादी वेगळी जोडावी लागायची. तो प्रकार २०१४ मध्ये अधिकृतरीत्या मोडीत निघाला आहे. आरएस-२७४एक्स किंवा एक्स२ पाठवा. गर्बरचा शेवट ‘एम०२’ने आणि ड्रिलचा ‘एम३०’ने होतो. तो नसेल तर फाइल अर्धवट लिहिली गेली आहे.

एक्स२ फाइलमध्ये निर्मितीची तारीखही असते. सगळ्या फाइल्सची तारीख आणि वेळ मिनिटभराच्या अंतराने जुळली पाहिजे.

खालच्या थरावरची अक्षरं उलटी दिसतात. चूक आहे का?

नाही, तशीच दिसायला हवीत. सगळे थर वरून आरपार बघितल्यासारखे काढलेले असतात. व्ह्यूअरमध्ये खालची अक्षरं सरळ वाचता आली तर मात्र थांबा : एकतर एक्स्पोर्टच्या वेळी ‘मिरर’ चालू राहिलं किंवा मजकूर चुकीच्या थरावर आहे. प्रत्येक थरावर तांब्यातच छोटं नाव लिहून ठेवावं, म्हणजे कारखान्यालाही बाजू ओळखता येते.

सोल्डर मास्कच्या फाइलमध्ये नुसते ठिपकेच आहेत. मास्क कुठे गेला?

मास्कची फाइल उलट्या अर्थाने वाचायची. जिथे आकृती आहे तिथे मास्क नसणार, तांबं उघडं राहणार. म्हणून पॅडएवढे ठिपके दिसणं योग्य आणि सगळी फाइल भरीव दिसणं धोक्याचं.

खरा प्रश्न दोन पॅडच्या मधल्या पट्टीचा. ०.५ मिमी पिचच्या (शेजारच्या दोन पायांच्या मध्यांतलं अंतर) आयसीत पॅड ०.३ मिमी रुंद असेल तर मधली फट ०.२ मिमी. मास्क प्रत्येक बाजूला ०.०५ मिमी मागे सरकवला तर पट्टी उरते ०.१ मिमी. हिरव्या रंगात बरेच कारखाने एवढी पट्टी टिकवतात. काळ्या-पांढऱ्या मास्कला बहुधा जास्त रुंदी लागते. हे मागे सरकवणं (एक्सपान्शन) ०.१ मिमी ठेवलं असेल तर पट्टी शून्यच. मग सोल्डर एका पायावरून दुसऱ्यावर वाहतं आणि दोष सोल्डरिंग करणाऱ्याच्या माथी जातो.

व्हाया (थर जोडणारी प्लेटेड भोकं) मास्कने झाकायचे की उघडे, हेही याच फाइलमध्ये ठरतं. झाकायचे असतील तर त्यांच्या जागी ठिपका दिसता कामा नये. पॅडला अगदी चिकटून असलेला उघडा व्हाया पॅडवरचं सोल्डर पिऊन टाकतो.

भोकाचं माप प्लेटिंगआधीचं द्यायचं की नंतरचं?

नंतरचं, म्हणजे तयार भोकाचं. भोकाच्या भिंतीवर साधारण २० ते २५ मायक्रॉन तांबं चढतं आणि वर फिनिश (उघड्या तांब्यावरचा संरक्षक मुलामा) बसतं, म्हणून कारखाना ०.१ ते ०.१५ मिमी मोठं ड्रिल वापरतो. तुम्हीही आधीच वाढवून दिलं तर भोक दोनदा मोठं होतं.

उदाहरण घ्या. २.५४ मिमी पिचच्या पिन हेडरची पिन ०.६४ मिमीची, पण चौकोनी. तिचा कर्ण ०.९ मिमी होतो. म्हणून तयार भोक १.० मिमी हवं. ०.८ मिमीचं भोक दिलं की बोर्ड हातात आल्यावर पिना आत जात नाहीत, आणि कानशीने घासून ठोकायची वेळ येते.

कारखान्याचं हे मोठं ड्रिल अ‍ॅन्युलर रिंग, म्हणजे भोकाभोवतीचं तांब्याचं कडं, खातं. ०.६ मिमीच्या पॅडमध्ये ०.३ मिमीचं भोक : कागदावर कडं ०.१५ मिमी. प्रत्यक्षात ०.४ मिमीचं ड्रिल लागलं तर ०.१ मिमी. ड्रिल किंचित सरकलं तर एका बाजूला त्याहून कमी. जागा असेल तिथे व्हायाचं पॅड ०.७ मिमी करायला कुणी अडवलेलं नाही.

लांबट भोकं गोल होऊन आली. असं का?

डीसी जॅक, काही यूएसबी कनेक्टर, स्विचचे चपटे पाय यांना लांबट भोक, म्हणजे स्लॉट लागतो. एक्सेलॉनमध्ये तो ‘जी८५’ आज्ञेने किंवा राउटिंगच्या आज्ञांनी लिहितात. तुमच्या सॉफ्टवेअरने तो लिहिलाच नसेल, किंवा स्लॉट नुसता टिपांच्या थरावर काढला असेल, तर कारखान्याला तिथे एकच गोल भोक दिसतं. ड्रिल फाइल व्ह्यूअरमध्ये उघडून प्रत्येक स्लॉट लांबट दिसतो का बघा.

स्लॉट बाह्यरेषेच्या थरावर काढला असेल तर तो साधारणपणे प्लेटिंगविना कापला जातो. दोन्ही बाजूंना पॅड असूनही आतून तांबं नाही, अशी अवस्था होते. प्लेटिंग हवं असेल तर ऑर्डरच्या टिपेत स्लॉटची जागा आणि माप लिहा. उलट बाजूने, स्क्रूची माउंटिंग भोकं चुकून प्लेटिंगवाल्या फाइलमध्ये गेली, तर स्क्रूमार्फत खोक्याचा धातू तुमच्या ग्राउंडला जोडला जाऊ शकतो. कधी ते हवं असतं, कधी मुळीच नको असतं.

बाह्यरेषेत काय चुकतं?

ती बंद नसते. दोन रेषांच्या टोकांत ०.०१ मिमीची फट डोळ्यांना दिसत नाही, पण आत कुठलं आणि बाहेर कुठलं हे मशीनला ठरवता येत नाही. कधी एकावर एक दोन बाह्यरेषा असतात, जुनी आणि नवी. मेकॅनिकल थरावरची मापांची रेघ आणि बाण सोबत गेले तर तेही कापायच्या रेषा समजले जाऊ शकतात.

आतले कोपरे : राउटरचं पातं गोल असतं. २ मिमीच्या पात्याने काटकोनी आतला कोपरा निघणार नाही, १ मिमी त्रिज्येची गोलाई राहणार. धारदार कोपऱ्याचा भाग तिथे बसवायचा असेल तर कोपऱ्यात भोक देऊन जागा करावी लागते.

तांबं कडेपासून राउटिंगला (फिरत्या पात्याने कापणं) निदान ०.३ मिमी आणि व्ही-कटला (बोर्ड तोडायला पाडलेली व्ही आकाराची खाच) ०.४ ते ०.५ मिमी आत ठेवा. व्ही-कट पॅनेलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळच जातो. मधेच थांबवलेला किंवा वळवलेला व्ही-कट मागू नका.

फुटप्रिंट बरोबर आहे हे गर्बरवरून कसं ओळखायचं?

साध्या गर्बरला पायांची नावं आणि घटकांची मापं कळत नाहीत, म्हणून इथे कागदच कामाला येतो. वरचं तांबं आणि सिल्कस्क्रीन १०० टक्के मापात छापा. प्रिंटरचं ‘पानात बसवा’ बंद करा आणि छापलेल्या बोर्डाची लांबी पट्टीने मोजून खात्री करा. मग प्रत्यक्ष भाग कागदावर ठेवा. कनेक्टर, रिले, स्विच, ट्रान्सफॉर्मर आधी. पिन टोचून बघितली तरी चालते.

नेहमी फसवणाऱ्या जागा अशा. एसओ-८ आयसी ३.९ मिमी आणि ५.३ मिमी अशा दोन रुंदींत मिळतात. ‘०६०३’ हे इंच पद्धतीत १.६ × ०.८ मिमी असतं, मेट्रिक पद्धतीत ०.६ × ०.३ मिमी. टीओ-९२ मध्ये सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, आणि २एन३९०४ चे एमिटर-बेस-कलेक्टर. टीओ-२२० मधला ७८०५ इनपुट-ग्राउंड-आउटपुट, तर एलएम३१७ अ‍ॅडजस्ट-आउटपुट-इनपुट. एकाच्या जागी दुसरा ‘दिसायला तोच’ म्हणून टाकला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

कनेक्टरची डेटाशीटमधली आकृती वरून काढली आहे की पायांच्या बाजूने, ते वाचल्याशिवाय एक नंबरची पिन ठरवू नका.

चार थरांच्या बोर्डात आणखी काय बघायचं?

आतल्या थरांचा क्रम. फाइलच्या नावांवरून तो कळत नसेल तर ग्राउंड आणि पॉवरची अदलाबदल होऊ शकते, आणि त्याने सर्किट चाललं तरी इम्पीडन्स (सिग्नलला ट्रॅकवर होणारा अवरोध) बिघडतो. क्रम टिपेत लिहून द्या.

आतला थर निगेटिव्ह असेल तर मास्कसारखाच उलटा वाचा : काढलेलं म्हणजे तांबं नसलेलं. व्हायांच्या भोवतीची मोकळी वर्तुळं एकमेकांत मिसळून सलग चीर झाली नाही ना, ते बघा. कनेक्टरखालच्या दाट रांगेत असं हमखास होतं आणि ग्राउंड प्लेन दोन तुकड्यांत फाटतो.

सिल्कस्क्रीन?

रेघ ०.१५ मिमी, अक्षर १ मिमी उंच. पॅडवर आलेली शाई कारखाना कापून टाकतो, त्यामुळे ‘आर१२’चं ‘आर१’ होऊ शकतं. डायोडची पट्टी आणि एक नंबरच्या पिनचा ठिपका भाग बसवल्यावरही दिसेल असा ठेवा.

कारखाना प्रत्येक बोर्डाची इलेक्ट्रिकल टेस्ट करतो. मग चूक तिथे सापडेलच ना?

नाही. आणि हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. ती टेस्ट बोर्ड तुमच्या गर्बरशी जुळतो का एवढंच बघते. गर्बरमध्येच पोअर भरलेला नसेल तर टेस्टमध्ये बोर्ड बिनचूक उत्तीर्ण होतो.

याला उपाय म्हणजे आयपीसी-डी-३५६ नेटलिस्ट (कुठला पाय कशाशी जोडलाय याची यादी). ती डिझाइनमधून निघते, गर्बरमधून नाही. ती झिपमध्ये ठेवून ‘गर्बरशी ताडून पाहा’ असं लिहिलं, तर तुटलेली किंवा जोडली गेलेली नेट उत्पादनाआधी लक्षात येते. बीजीए (पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेली आयसी) किंवा दाट बोर्ड असेल तर ही तसदी घ्याच. दहा रेझिस्टरच्या बोर्डाला गरज नाही.

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये काय जुळवून घ्यायचं?

थरांची संख्या, जाडी (नेहमीची १.६ मिमी), तांब्याची जाडी (१ औंस म्हणजे ३५ मायक्रॉन) आणि फिनिश. ०.५ मिमी पिच किंवा बीजीए असेल तर सपाट पृष्ठभागासाठी एनिग (निकेलवर सोन्याचा मुलामा) घ्या; एचएएसएलमध्ये (गरम हवेने सपाट केलेलं सोल्डर) पॅडवर उंचवटे राहतात. २ औंस तांबं निवडलं तर ट्रॅकमधलं किमान अंतर वाढतं, त्यामुळे १ औंसच्या नियमांवर केलेला बोर्ड फॉर्ममधल्या एका टिचकीने अवैध ठरू शकतो. कडेची अर्धी कापलेली प्लेटेड भोकं असतील तर तेही वेगळं नमूद करावं लागतं.

असेंब्लीही तिथेच करून घ्यायची आहे. आणखी काय?

पिक-अँड-प्लेस (कुठला भाग कुठे, कुठल्या कोनात बसवायचा ते सांगणाऱ्या) फाइलचा आरंभबिंदू गर्बरचाच ठेवा. प्रत्येक भागाचा कोन कारखान्याच्या प्रिव्ह्यूमध्ये बघा. शून्य अंश कुठे मानायचा यावर लायब्ररींचं एकमत नाही, म्हणून डायोड, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि आयसी ९० किंवा १८० अंशांनी फिरलेले सापडतात. क्यूएफएन, म्हणजे बाहेर पाय नसलेल्या चपट्या आयसीच्या मधल्या मोठ्या पॅडवर पेस्टचं एकच मोठं छिद्र नको. लहान खिडक्या करून ५० ते ८० टक्के भागावरच पेस्ट येऊ द्या, नाहीतर आयसी पेस्टवर तरंगते. फिड्युशियलला (मशीनला जागा दाखवणारी तांब्याची खूण) १ मिमीचं तांबं आणि भोवती २ मिमीची मास्कमधली खिडकी, आणि ते पेस्टच्या थरावर नसावेत.

कारखान्याने शंका विचारली आणि एक फाइल बदलावी लागली. तेवढीच पाठवली तर चालेल?

नको. आवृत्तीचा क्रमांक वाढवा, तो सिल्कस्क्रीनवरही बदला, सगळा संच नव्याने एक्स्पोर्ट करा आणि पूर्ण झिप पाठवा. ‘आधीची झिप रद्द’ असं स्पष्ट लिहा. शंकेला उत्तर देताना ‘तुम्हाला योग्य वाटेल तसं करा’ म्हणू नका. ‘जे३ चा स्लॉट प्लेटेड, रुंदी १.० मिमी, लांबी ३.० मिमी’ असं मापासकट सांगा. उत्पादनाची फाइल मंजुरीसाठी पाठवायचा पर्याय असेल तर तो घ्या, आणि ती आली की पुन्हा बाह्यरेषेपासून सुरू करून त्याच क्रमाने तपासा.